तुलनेसाठी ठेवलेला मजला

माणसाच्या वागण्यामागचं खरं कारण शोधून काढणं ही विज्ञानातली सर्वांत खडतर तपश्चर्या आहे आणि ती करणाऱ्याला सगळ्यात आधी स्वतःचा अहंकार जाळावा लागतो, असं मानसशास्त्राचे विभागप्रमुख दर वर्षी पहिल्या तासाला सांगत. हे वाक्य ते उभ्याने म्हणत. मग खाली बसत आणि दारावरची आपल्या नावाची पाटी उपप्रमुखांच्या पाटीच्या रेषेत का लावली, म्हणून शिपायाला बोलावून घेत.

विभागात त्यांना नुसतं 'सर' म्हणत. बाकीचेही सरच होते, पण त्यांच्या मागे-पुढे काहीतरी जोडावं लागे. सरांचा विषय संशोधनपद्धती. इतर लोक माणसांचा अभ्यास करत. माणसांचा अभ्यास कसा करावा याचा अभ्यास सर करत. त्यामुळे त्यांचा माणसांशी संबंध येण्याचं तसं काही कारण नव्हतं, आणि आलाच तर ते तो लवकर आटपत.

त्यांचा जीव होता अर्धप्रायोगिक आराखड्यावर. हे प्रकरण अवघड नाही. खऱ्या प्रयोगात चिठ्ठ्या टाकून माणसांचे दोन गट पाडतात, एका गटाला काहीतरी देतात, दुसऱ्याला देत नाहीत, आणि शेवटी जो फरक दिसेल तो त्या दिलेल्या गोष्टीचा, असं म्हणता येतं. पण जगातली माणसं चिठ्ठ्यांनी वाटलेली नसतात. ती आधीच कुठल्या ना कुठल्या वर्गात, वॉर्डात, कचेरीत बसलेली असतात आणि उठवलं तर चिडतात. मग आहेत ते गट तसेच घ्यायचे, एकाला द्यायचं, दुसऱ्याकडे तुलनेसाठी नुसतं बघायचं, आणि दोन्ही गट मुळात सारखेच होते हे वाचणाऱ्याच्या गळी उतरवायचं. यातलं गळी उतरवणं सरांना उत्तम जमे. त्यावर त्यांची तीन पुस्तकं होती. दुसरं पुस्तक पहिल्यासारखंच होतं आणि तिसऱ्यात ते का, याचं स्पष्टीकरण होतं.

सरांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी एक बाई होती. नोंदणी केली तेव्हा तिचं लग्न ठरत होतं. आता मुलगी दुसरीत होती. मधल्या काळात सरांनी तिचा विषय तीनदा बदलला, कारण दर वेळी त्यांना अधिक चांगला सुचला. विभागात तिला 'स्कॉलर' म्हणत आणि म्हणताना एकमेकांकडे बघत. या वर्षी प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द होणार होती. त्यामुळे सर म्हणतील ती पूर्व, असं तिचं चाललं होतं.

तर या सरांकडे फ्रिज आणि कपडे धुण्याची मशीनं विकणाऱ्या एका कंपनीचे व्यवस्थापक आले. कंपनीची एक कचेरी होती, जिथे माणसं दिवसभर कानाला हेडफोन लावून गिऱ्हाइकांशी बोलत. ही माणसं आनंदी नाहीत, असं कंपनीच्या लक्षात आलं होतं. त्यांना आनंदी करण्याचा काही शास्त्रीय उपाय आहे का, आणि असला तर तो बसल्या जागी करता येतो का, असं व्यवस्थापकांनी विचारलं.

"उपाय कुणीही देईल," सर म्हणाले. "उपायानेच फरक पडला, हे सिद्ध कोण करणार?"

व्यवस्थापकांना असं काही सिद्ध करायचं आहे हे माहीत नव्हतं, पण ऐकायला बरं वाटलं.

सर स्कॉलरला घेऊन कचेरी बघायला गेले. लिफ्ट बंद होती. सर कठडा धरत पहिल्या मजल्यापर्यंत चढले, तिथल्या खुर्चीत बसले आणि उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरून काही वेळ वैज्ञानिक विचार केला.

"वर आणखी एक मजला आहे," व्यवस्थापक म्हणाले. "चलायचं?"

सरांनी वरच्या जिन्याकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी त्यांना संपूर्ण आराखडा सुचला.

"नको," ते म्हणाले. "हा मजला प्रायोगिक गट. वरचा तुलना गट. वर कुणीही जायचं नाही. मीही नाही."

परतताना टॅक्सीत स्कॉलरने विचारलं, "सर, हाच मजला का निवडला, असं परीक्षक विचारतील ना?"

"विचारू देत. लिही, की निवड अशा एका बाह्य घटकाने झाली ज्याचा कर्मचाऱ्यांच्या मनःस्थितीशी सुतराम संबंध नाही."

"कुठला घटक?"

"माझा गुडघा. माझ्या गुडघ्याला खालच्या लोकांचं मन माहीत आहे?"

"नाही, सर."

"वरच्यांचं?"

"नाही."

"मग चिठ्ठी यापेक्षा वेगळं काय करते? गुडघा म्हणजे निसर्गाने टाकलेली चिठ्ठी." वाक्य आवडल्यामुळे सरांनी ते पुन्हा म्हटलं आणि टॅक्सीवाल्याने आरशातून बघितलं.

"पण सर, खालचे लोक मशीन विकत घेणाऱ्यांचे फोन घेतात. वरचे बिघडलेल्यांचे. म्हणजे खालच्यांशी लोक गोड बोलतात आणि वरच्यांना शिव्या घालतात."

"खुर्च्या सारख्या आहेत?"

"हो."

"हेडफोन? पगार? कामाचे तास?"

"सारखे आहेत, पण..."

"मग गट समतुल्य आहेत. पण-बिण प्रस्तावनेत येऊ दे, निष्कर्षात नको."

उपायाचं नाव 'प्रसन्नता प्रशिक्षण'. पहिल्या मजल्यावरच्या लोकांनी रोज दुपारी एक तास बैठकीच्या खोलीत चटयांवर आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, आणि सरांच्या ध्वनिमुद्रित आवाजाच्या सांगण्यावरून आयुष्यातल्या चांगल्या गोष्टी आठवायच्या. सरांच्या आवाजाला झोप आणण्याची देणगी होतीच. तीस वर्षं विद्यार्थी तिचा लाभ घेत होते. दिवे मालवणं, आवाज लावणं आणि तास संपला की लोकांना हलवून उठवणं हे काम स्कॉलरचं. प्रशिक्षणाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा दोन्ही मजल्यांनी एक प्रश्नावली भरायची. 'सकाळी उठल्यावर मला कामावर जावंसं वाटतं', 'माझ्या आयुष्याला अर्थ आहे', वगैरे. समोर एक ते पाच आकडे. आयुष्याला अर्थ दोन आहे की तीन, ते ज्याने त्याने ठरवायचं.

"आणि हे बघ," सरांनी बजावलं, "तुलना गटाशी एक अक्षर बोलायचं नाही. त्यांना प्रशिक्षणाचा वाराही लागता कामा नये. गट दूषित होतो."

"सर, एक अडचण आहे. माझी नणंद वरच्या मजल्यावर आहे. आम्ही एकाच घरात राहतो."

सर क्षणभर थबकले. मग त्यांचा चेहरा उजळला. "नणंद-भावजय? मग तुम्ही बोलत नसालच."

ही सरांच्या कारकिर्दीतली मानवी नात्यांविषयीची एकमेव टिप्पणी, आणि तीही चूक होती. दोघींचं चांगलं चालायचं. नवऱ्याची थोरली बहीण. घरात सगळे तिला ताई म्हणत. वडील गेले तेव्हा ताई कॉलेज सोडून या कचेरीत लागल्या आणि धाकट्या भावाला शिकवलं. स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. आता पन्नाशी उलटली होती. दिवसभर त्या लोकांच्या शिव्या शांतपणे ऐकत आणि म्हणत, "मशीन नाचतंय? बरं. कुठल्या बाजूला नाचतंय? आणि तुम्ही कुठे उभे आहात?" घरी आल्यावर त्या शिव्यांतल्या निवडक जेवताना सांगत. स्कॉलरची मुलगी शाळेत थोडी पुढे होती ती यामुळे.

पहिल्याच आठवड्यात ताईंनी जेवताना विषय काढला. "काय गं, तुझे ते सर आमच्या खालच्यांना झोपवतात म्हणे?"

"ताई, मला त्याबद्दल बोलता येणार नाही."

"का बाई?"

"तुम्ही दूषित व्हाल."

खरं तर 'अभ्यासाचा नियम आहे' एवढं पुरलं असतं. पण आठ-नऊ वर्षं सरांच्या सहवासात काढली की माणसाला साधं वाक्य सुचत नाही.

ताईंनी हातातला घास खाली ठेवला. "ऐकलंस का रे? तुझी बायको म्हणते, मी दूषित होणार."

"कशाने?" नवऱ्याने विचारलं.

"हिच्याशी बोलल्याने."

"मला आधी कुणी सांगितलं नाही," नवरा म्हणाला आणि ताट घेऊन टीव्हीसमोर गेला.

त्यानंतर घरात तुलना गट पाळला गेला. ताई बोलत, पण भिंतीशी किंवा भाचीशी. "आईला सांग, गॅस संपलाय. लांबून सांग हो, तिला लागण होईल माझी." स्कॉलर गिळून गप्प राही. विज्ञानासाठी आपण घरातलं सुख पणाला लावतो आहोत, असं तिला वाटे, आणि त्यात थोडा अभिमानही होता. तो तिच्या कुठल्याच प्रश्नावलीत मोजला गेला नाही.

प्रशिक्षण संपलं, दुसऱ्यांदा प्रश्नावल्या भरल्या गेल्या, आकडेमोड झाली. स्कॉलरने आलेख काढून सरांच्या टेबलावर ठेवला, तेव्हा सर खुर्चीतून उठले. गुडघ्याचा विचार न करता उठले.

पहिल्या मजल्याची रेषा तळातून निघून वर गेली होती. दुसऱ्या मजल्याची वरून निघून तळाला आली होती. मध्ये दोघींनी एकमेकींना छेद दिला होता.

"कात्री!" सर पुटपुटले. "स्कॉलर, ही कात्री आहे. तीस वर्षं मी फळ्यावर काढतोय. प्रत्यक्षात कधी बघितली नव्हती."

साध्या आलेखावर शंभर शंका घेता येतात. एक गट आधीच चांगला असेल, कालांतराने आपोआप सुधारला असेल, वाईटातले वाईट निवडले म्हणून ते नंतर बरे दिसत असतील. पण मागचा गट पुढे गेला, पुढचा मागे पडला आणि रेषा कापल्या गेल्या, की यातली कुठलीच शंका सहजी टिकत नाही. हे सरांच्या तिन्ही पुस्तकांत होतं. दोन्ही मजले ठरवून खोटं बोलले असतील, ही शंका तिन्ही पुस्तकांत नव्हती.

व्यवस्थापकांना बोलावून आलेख दाखवला. त्यांनी तो आधी उलटा धरला. तरीही कात्रीच दिसली.

"म्हणजे खालचे सुधारले?"

"लक्षणीय."

"आणि वरचे?"

"खचले. प्रशिक्षणाअभावी मन कसं ढासळतं, याचा इतका स्वच्छ पुरावा साहित्यात नाही."

"उत्तम," व्यवस्थापक म्हणाले. "आता सांगायला हरकत नाही. दोनपैकी एक मजला आम्हाला कमी करायचाय. कुठला, ते आम्ही आमच्या मनाने ठरवणार नव्हतो. मनाचे तज्ज्ञ असताना आपण कोण? सोमवारी संचालकांसमोर हे मांडा. खचलेल्या लोकांना असल्या कामाला जुंपणं त्यांच्याच प्रकृतीला बरं नाही. त्यांना आपण मोकळं करू."

सरांचा ऊर भरून आला. त्यांच्या संशोधनाचा कुणावर काही परिणाम होण्याची ही पहिलीच वेळ होती.

स्कॉलर त्या दिवशी घरी आली तेव्हा ताई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. स्कॉलर समोर बसली आणि मुलीचा फ्रॉक ओढून घेऊन ती घडी घालायला लागली. ताईंनी फ्रॉक परत ओढून घेतला.

"राहू दे. विटाळेल."

"ताई, सोमवारी तुमचा मजला बंद करायचं ठरणार आहे."

ताईंचे हात थांबले. "कोण ठरवणार?"

"संचालक. आमच्या अभ्यासावरून. तुम्ही सगळे खचलात, असं निघालंय त्यात."

"मी खचले?"

"सगळा मजला. आधी किती आनंदात होतात, आणि आता..."

"आनंदात?" ताई हसायलाच लागल्या. मग हसू थांबवून त्यांनी भावजयीकडे नीट पाहिलं. "अगं, तू खरंच विचारतेस का? तुला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"पहिल्या वेळी तो कागद आला तेव्हा आमच्यात बातमी होती, की जो रडगाणं लिहील त्याला काढणार. म्हणून आम्ही सगळ्यांनी पाचावर पाच लिहिले. आयुष्याला अर्थ पाच. कामावर जावंसं वाटतं, पाच. त्या दिवशी एका माणसाने मला फोनवर पाणी न येणाऱ्या मशीनमध्ये बुडवून मारायची धमकी दिली होती. पाच!"

"आणि दुसऱ्यांदा?"

"तोवर खालच्यांना रोज एक तास झोप मिळत होती ना! आम्ही म्हटलं, यांना दुःखी म्हणून दिली असेल, तर आपणही होऊ दुःखी. सगळ्यांनी एक लिहिला. आमच्या कोपऱ्यातल्या गृहस्थांनी शून्य लिहिलं. शून्य छापलेलं नव्हतं, त्यांनी पेनाने काढलं."

स्कॉलरला ते शून्य आठवत होतं. सरांनी त्याला 'टोकाचा प्रतिसाद' म्हणून बाद केलं होतं.

"मग खालचे?" तिने विचारलं.

"त्यांची ती सुपरवायझर आहे ना, आम्ही शिट्टी म्हणतो ती? तिनेच सांगितलं होतं, रडकं लिहा, नाहीतर तास जाईल हातचा. आणि शेवटी म्हणाली, आता हसरं लिहा, नाहीतर हे लोक शनिवारीसुद्धा झोपायला बोलावतील."

"पण ताई, तुम्हाला खालचं कसं कळलं? दोन्ही मजले वेगळे ठेवले होते."

"कॅन्टीन एकच आहे की गं! एका टेबलावर बसून जेवतो आम्ही. वेगळी ठेवली होती ती तुला." ताईंनी फ्रॉकची घडी मोडून पुन्हा घातली. "तुझ्या सरांनी कुठला मजला घ्यायचा, ते गुडघ्यावरून ठरवलं म्हणे. बरोबर आहे. अक्कल जिथे असते तिथूनच ठरवणार ना माणूस."

हेही त्यांना कळलेलं होतं. मग त्यांनी फ्रॉक घड्यांच्या चळतीवर ठेवला. म्हणाल्या, "या वयात मला दुसरं कोण घेणार? शिव्या खायचा अनुभव आहे, असं सांगू का कुणाला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी स्कॉलरने शिट्टीला गाठलं. शिट्टीने काही लपवलं नाही. "मग काय खरं लिहायचं? मॅडम, तुम्ही नावं विचारली नव्हतीत. नाव न विचारता खरं कोण बोलतं? आणि तुमचे सर छान बोलतात हो. मला एक दिवसही शेवट ऐकायला मिळाला नाही. काय होतं शेवटी?"

शेवटी काय होतं, हे स्कॉलरलाही माहीत नव्हतं. तीही दिवे मालवून टेकत असे.

ती सरांकडे गेली. सर कात्री चौथ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कशी दिसेल ते बघत होते. तिने सगळं सांगितलं. सरांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही; त्यामुळे ते ऐकत नसावेत, असं तिला वाटलं. पण ते ऐकत होते.

"कॅन्टीन," ते शेवटी म्हणाले. "आपल्या आराखड्यात कॅन्टीन आहे?"

"आराखड्यात नाही, सर. कचेरीत आहे."

"मग ते आपल्या कक्षेबाहेर आहे."

"सर, लोकांनी मुद्दाम खोटं लिहिलं. दोन्ही वेळा. दोन्ही मजल्यांनी."

"असं बघ. आधी त्यांना दुःखी लिहावंसं वाटलं. नंतर सुखी लिहावंसं वाटलं. हे वाटणं बदललं ना? आपण मनच मोजत होतो. बदललेलं आपल्याला सापडलं."

"पण ते प्रशिक्षणामुळे नाही बदललं!"

"प्रशिक्षण नसतं तर शनिवारची भीती असती का?" सर विजयी मुद्रेने खुर्चीत मागे रेलले. "कारण म्हणजे काय? जे नसतं तर परिणाम झाला नसता, ते. पहिल्या वर्षाला शिकवतो मी."

स्कॉलरला क्षणभर हे पटलं. सरांच्या खोलीत नेहमी असं व्हायचं. बाहेर पडल्यावर जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर ते उतरायचं. या वेळी ते खोलीतच उतरलं.

"सर, माझ्या नणंदेची नोकरी जाईल."

"ते आपण मोजत नाही आहोत," सर म्हणाले. आवाजात तुसडेपणा नव्हता. मोजत नव्हतेच. "मर्यादांच्या प्रकरणात एक वाक्य घाल. 'सहभागींच्या प्रतिसादांवर काही अंशी परिस्थितीजन्य अपेक्षांचा प्रभाव असणे संभवते.' झालं. आणि हो, प्रबंधावर माझी सही लागते, हे तुझ्या लक्षात आहेच."

सोमवारी बैठकीच्या खोलीत संचालक बसले होते. चटया गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या होत्या. कॉफी होती, बिस्किटं होती, आणि बिस्किटांकडे बघण्यासाठी संचालकांना अधूनमधून पडद्यावरून नजर काढावी लागत होती. सर बोलत होते, स्कॉलर पडद्यावरची चित्रं पुढे सरकवत होती. सरांनी अर्धप्रायोगिक पद्धतीचा इतिहास सांगितला, गुडघ्याचा उल्लेख 'बाह्य घटक' असा केला, आणि म्हणाले, "आणि आता."

कात्री पडद्यावर आली.

"पुढे," सर म्हणाले.

स्कॉलरने पुढचं चित्र लावलं नाही. ती उभी राहिली. रात्रभर तिने भाषण घोकलं होतं. त्यात सत्य होतं, सचोटी होती, एका ठिकाणी विज्ञानाचा विश्वासघातही होता. प्रत्यक्षात तिच्या तोंडून निघालं ते असं:

"हे खरं नाहीये. म्हणजे आकडे खरे आहेत, पण लोकांनी उगाच लिहिलेत. खालच्यांना झोपायचं होतं. वरच्यांना पण झोपायचं होतं, पण त्यांना उशिरा कळलं. वरचे कुणी खचलेले नाहीत. म्हणजे असतील, पण ते याच्यावरून कळत नाही. याच्यावरून काहीच कळत नाही. कृपा करून याच्यावरून कुणाला काढू नका."

एका संचालकांनी हातातलं बिस्किट कपात बुडवलं आणि ते तुटून आत पडलं.

"म्हणजे," ते कपात बघत म्हणाले, "झोप चांगली की वाईट?"

"तिची नणंद वरच्या मजल्यावर आहे," सर संथपणे म्हणाले. "निरीक्षकाचा हितसंबंध. मानसशास्त्रात याला नाव आहे." त्यांनी ते नाव सांगितलं. संचालकांनी मान डोलावली. नाव असलं की लोकांना बरं वाटतं.

मग सरांनी स्वतः पुढचं चित्र लावलं, निष्कर्ष वाचले, टाळ्या झाल्या. स्कॉलर भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटलं होतं, आपल्याला हाकलून देतील, सर सही नाकारतील, नोंदणी जाईल, घरी जाऊन ताईंना काय ते सांगता येईल. यातलं काहीच झालं नाही. सर सामान आवरताना तिच्याजवळ येऊन म्हणाले, "मुद्दा वाईट नाही तुझा. प्रतिसादांतली जुळवाजुळव. पुढच्या लेखात घेतो मी. प्रबंध शुक्रवारपर्यंत दे, सही करतो. माझ्या हाताखाली अजून कुणी नापास झालेलं नाही." आणि जिना उतरायला लागले.

व्यवस्थापकांनी मात्र तिला आपल्या खोलीत बोलावलं. दार लावलं, पाणी दिलं. चांगला माणूस होता; निदान खुर्ची पुढे करायची सवय होती.

"बसा. छान बोललात. मला तरी पटलं."

स्कॉलरने त्यांच्याकडे पाहिलं. "पटलं? मग वरचा मजला..."

"तो बंद होणार."

"पण तुम्हीच म्हणालात, पटलं म्हणून! अभ्यासात काही तथ्य नाही, मग कशावरून बंद करताय?"

"अहो, अभ्यासावरून नाही हो," व्यवस्थापक समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत. तुम्ही काहीही सिद्ध केलं असतंत तरी चाललं असतं."

"म्हणजे रेषा उलट्या गेल्या असत्या तर?"

"तर वरचे प्रशिक्षणाशिवायही समर्थ आहेत, त्यांना कुठेही काम मिळेल, असं म्हटलं असतं."

"आणि फरकच पडला नसता तर?"

"मग दोन्ही मजले सारखेच, कुठलाही बंद केला तरी अन्याय नाही." त्यांनी ग्लास तिच्या जवळ सरकवला. "पाणी घ्या. माणसांना काढताना ती कारण विचारतात. नुसतं काढलं तर वाईट दिसतं. तुमच्या सरांनी फार सुरेख कारण दिलं."

"मग खरं कारण काय आहे?"

व्यवस्थापकांना प्रश्नाचं थोडं नवल वाटलं. इतक्या महिन्यांत तो त्यांना कुणी विचारला नव्हता.

दुसरा मजला एका दातांच्या दवाखान्याला भाड्याने दिला होता. करार सर पहिल्यांदा कचेरीत आले त्याच्या आधीच झाला होता.